अ‍ॅलिस कूपर आणि मॅरिलिन मॅन्सन: गल्लत कुठे होते?

दोघेही अमेरिकन रॉक गायक. नाव बाईचं, माणूस बाप्या, डोळ्यांभोवती काळा रंग आणि बँडचं नि गायकाचं नाव एकच. शिवाय दोघांवर शिक्का एकच, शॉक रॉकचा, म्हणजे प्रेक्षकांना हादरवून सोडणाऱ्या रॉकचा. गल्लत होणारच.

थोरला कूपर. मूळचा व्हिन्सेंट फर्निअर, जन्म डेट्रॉइटचा, 1948 मधला. बँड जमला फिनिक्सच्या शाळकरी पोरांचा. 1969 मध्ये टोरांटोत मंचावर कुठूनशी कोंबडी आली. पंख आहेत म्हणजे उडेल, म्हणून यानं ती प्रेक्षकांत भिरकावली. प्रेक्षकांनी तिच्या चिंधड्या केल्या, वर्तमानपत्रांनी पाप त्याच्या माथी मारलं. बदनामी खपते, हे त्याला तिथेच उमगलं असावं. पुढे अजगर, खोटं रक्त, गिलोटिन सगळं आलं. पण त्याचा खेळ तसा सोवळाच: खलनायक धिंगाणा घालतो, शेवटी त्याचंच मुंडकं उडतं आणि मग स्वारी पांढरा टेलकोट घालून हजर! मंचाबाहेर हा गृहस्थ गोल्फ खेळतो, चर्चला जातो आणि अ‍ॅलिस या मंचावरच्या सोंगाबद्दल 'तो' असं परक्यासारखं बोलतो.

मॅन्सन म्हणजे ब्रायन वॉर्नर, जन्म 1969, ओहायो. बँड 1989 चा, फ्लोरिडातला. नटी मॅरिलिन मन्रो आणि खुनी पंथाचा म्होरक्या चार्ल्स मॅन्सन यांची नावं जोडून हे नाव झालं. कूपरचं गिटारवालं हार्ड रॉक, याचं यंत्रांच्या खडखडाटाचं इंडस्ट्रियल. मंचावर बायबल फाडणाऱ्या या माणसानं सोंग कधी उतरवलंच नाही. मुलाखतीतही तोच अवतार. एप्रिल 1999 मध्ये कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, तेव्हा माध्यमांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. मारेकरी त्याचे चाहते नव्हते, हे नंतर उघड झालं. इथे तो नाहक भरडला गेला.

2021 चं प्रकरण मात्र गाण्यांचं नव्हतं. अभिनेत्री इव्हान रेचल वुडनं त्याचं नाव घेऊन अत्याचाराचे आरोप केले, इतर स्त्रियाही पुढे आल्या. त्यानं ते नाकारले, पण रेकॉर्ड कंपनीनं हात झटकले. त्याच्या जुन्या मुलाखती लोक आता वेगळ्या नजरेनं वाचू लागले. कूपरकडे 'तो मी नव्हेच' म्हणायची सोय होती, यानं ती ठेवलीच नव्हती. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांनी गुन्हा न नोंदवण्याचा निर्णय दिला: काही आरोपांची मुदत उलटली होती, बाकीचे कोर्टात सिद्ध करता येण्याजोगे नव्हते.