दोन स्पेसची चूक आणि तिच्यामागचा इतिहास

नाशिकमध्ये द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात कुणाला उसंत नसते. निर्यातदारांच्या मालाच्या नोंदी ठेवणारं ॲप त्या काळात बंद पडून चालत नाही. गेल्या हंगामात हेल्म या टूलच्या एका टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नावं-आकडे भरून सेटिंगची फाइल तयार करणाऱ्या साच्यात, दोन स्पेस कमी पडल्या, नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवण्याचं काम (डिप्लॉयमेंट) अडकलं आणि चूक सापडेपर्यंत पहाट झाली. आम्ही पाच जण, ॲपचे वेगवेगळे चालणारे भाग, म्हणजे सर्व्हिस, मोजून चार. एवढ्याशा कामाला इतकं अवघड टूल का लागावं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून गेला नाही.

ॲप त्याला लागणाऱ्या गोष्टींसह एका डब्यात (कंटेनरमध्ये) बंद करणारं डॉकर मार्च २०१३ मध्ये लोकांसमोर आलं. असे डबे अनेक मशिनांवर चालवणारं कुबरनेटिस गूगलने जून २०१४ मध्ये जाहीर केलं, जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. काय हवंय ते यामल फायलीत (साध्या मजकुरातल्या, स्पेसवर रचना ठरणाऱ्या सेटिंगच्या फायलीत) लिहून द्यायचं, बाकीचं क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मशिनांचा गट, बघून घेतो, ही कल्पना मला आजही फार आवडते. अडचण पुढे येते. टेस्टिंगच्या आणि प्रॉडक्शनच्या फायली जवळपास सारख्याच असतात. फरक इमेजचा (डब्यात बंद केलेल्या ॲपचा) टॅग, रेप्लिकांची (एकाच वेळी चालणाऱ्या प्रतींची) संख्या, डोमेन एवढाच. कॉपी करून ठेवल्या की महिन्याभरात एकीतली दुरुस्ती दुसरीत करायची राहून जाते.

२०१५ च्या अखेरीस डेइस कंपनीने हेल्म आणलं. लिनक्सवर पॅकेज बसवतो तसं क्लस्टरवर तयार सॉफ्टवेअर बसवावं, हा त्यामागचा विचार. म्हणजे चार्ट (हेल्मचं पॅकेज) लिहिणारा एक आणि वापरणारे अनोळखी हजारो. त्यातल्या प्रत्येकाची गरज भागवायची तर प्रत्येक गोष्टीला व्हेरिएबल हवं, म्हणून फायली फुगत जातात. शिवाय हेल्मची टेम्प्लेटं यामलकडे नुसता मजकूर म्हणून बघतात, त्यामुळे स्पेस आपणच मोजायच्या. आमची ती रात्र इथेच गेली होती. क्लस्टरमध्ये मोठे अधिकार घेऊन बसणारा टिलर हा हेल्मचा भाग नोव्हेंबर २०१९ मध्ये हेल्म ३ ने काढून टाकला, ते बरंच झालं; टेम्प्लेटं मात्र तशीच राहिली.

कॉन्फिगरेशनची भाषा वाढत वाढत प्रोग्रॅमिंगची भाषा होऊन बसते, हे गूगलच्या इंजिनिअरांनी स्वतःच्या अनुभवावरून २०१६ मध्येच लिहिलं होतं. २०१७ मधलं केसॉनेट हे टूल त्याच वाटेने गेलं आणि २०१९ मध्ये थांबलं.

कस्टमाइझ हे टूल २०१८ मध्ये आलं ते उलट्या बाजूने. त्यात टेम्प्लेट नाही. मूळ फायली साध्या यामलच्या, वर फक्त फरकाचा थर. कुबरनेटिसच्या मार्च २०१९ च्या १.१४ आवृत्तीपासून ते क्यूबसीटीएलमध्येच (कुबरनेटिसला आज्ञा देण्याच्या कमांडमध्येच) मिळतं, वेगळं काही बसवावं लागत नाही.

बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरसाठी, सर्व्हिसवर नजर ठेवणाऱ्या प्रोमिथियससारख्या, हेल्मच योग्य. त्याचा जन्मच त्यासाठी झाला. आपण स्वतः लिहिलेल्या आणि आपणच चालवणाऱ्या ॲपला ते जड होतं. आमच्या चारही सर्व्हिस आता कस्टमाइझवर आहेत. एक मूळ फोल्डर, त्यावर टेस्टिंग आणि प्रॉडक्शन असे दोन थर. लावण्याआधी तयार झालेलं यामल आम्ही स्क्रीनवर काढून वाचतो, आणि कॉलेजातून नुकताच आलेला मुलगाही प्रॉडक्शनमध्ये नेमकं काय बदलणार ते बोट ठेवून सांगतो.