बदल्याचा हिशेब जुळत का नाही?

फेब्रुवारी 1981. मुंबईत प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊद इब्राहिमचा थोरला भाऊ साबीर याला गोळ्या घातल्या. त्यामागे पठाण टोळीचे अमीरजादा आणि आलमजेब होते, जोडीला मन्या सुर्वे. 1983 मध्ये अमीरजादाला भर कोर्टात, पोलीस पहाऱ्यात असताना उडवलं. दाऊदच्या बाजूनं ती सुपारी बडा राजन या टोळीप्रमुखाकडे होती. काही आठवड्यांतच बडा राजनचाही खून झाला, तोही कोर्टाच्या आवारात. मग त्याचा चेला छोटा राजन सुडाला उभा राहिला. दर वेळी मारणाऱ्याच्या लेखी हिशेब चुकता झालेला असे. समोरच्याच्या लेखी तो तिथूनच सुरू होई.

हे असं का होतं, याचा एक धागा लंडनमधल्या एका साध्या प्रयोगात सापडतो. 2003 साली सुखविंदर शेरगिल आणि सहकाऱ्यांनी दोन-दोन माणसांना समोरासमोर बसवलं. एका छोट्या यंत्रानं बोटावर हलका दाब यायचा. मग पाळी आपली. सूचना एकच होती, जेवढा दाब मिळाला तेवढाच समोरच्याच्या बोटावर परत द्यायचा. दोघंही प्रामाणिकपणे तेच करत होते, तरीही दर पाळीला दाब सरासरी 38 टक्क्यांनी वाढत गेला. या दरानं आठ पाळ्यांत मूळ दाबाच्या तेरापट होतो!

यात लबाडी कुणाचीच नव्हती. आपण हात हलवतो तेव्हा त्याचा स्पर्श कसा लागेल याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि ती संवेदना सौम्य करून टाकतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्या यामुळेच. म्हणून दिलेला दाब हलका वाटतो, सोसलेला मात्र पुरता जाणवतो.

बोटाच्या दाबावरून बंदुकीच्या गोळीचं गणित मांडता येत नाही, हे मान्य. खून थंड डोक्यानं ठरवला जातो; त्यात धंदा असतो, धाक टिकवण्याची गरज असते. पण आपलं दुःख मोठं आणि आपला वार बरोबरीचा वाटणं, हे टोळीयुद्धात पानोपानी दिसतं. जुलै 1992 मध्ये अरुण गवळीच्या टोळीनं नागपाड्यात दाऊदचा मेहुणा इब्राहिम पारकर याला मारलं. ही टोळी एकेकाळी दाऊदच्या सोबतीनं वावरलेली. गवळीचा भाऊ त्याआधीच या वैरात गेला होता. पारकरनंतर अवघ्या 48 दिवसांनी, 12 सप्टेंबरच्या पहाटे, जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्डात एके-47 धडधडली. निशाण्यावर पारकरच्या खुनातला शैलेश हळदणकर होता. तो मेला आणि पहाऱ्यावरचे दोन पोलीसही मेले. त्या दोघांचं या वैराशी काय देणंघेणं होतं? ते फक्त ड्युटीवर होते. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

पुढे 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर छोटा राजन दाऊदपासून फुटला. मग हेच वैर सप्टेंबर 2000 मध्ये बँकॉकला त्याच्यावरच्या हल्ल्यात आणि जानेवारी 2003 मध्ये दुबईत दाऊदचा साथीदार शरद शेट्टी याच्या खुनात उमटलं. एका घरचे लोक फुटले की दोघांनाही एकमेकांचे अड्डे, सवयी, जवळची माणसं सारं ठाऊक असतं.

वैर माणसांमधून पसरतं कसं, हे शिकागोमध्ये मोजून पाहिलं गेलंय. 2006 ते 2014 या काळात तिथे एकाच गुन्ह्यात सोबत अटक झालेल्यांचं जाळं संशोधकांनी मांडलं. त्यात 1,38,163 माणसं होती. त्या जाळ्यात गोळीबाराला बळी पडण्याचे 11,123 प्रसंग घडले आणि त्यांतले सुमारे 63 टक्के साथीसारख्या संसर्गानं समजावता आले. म्हणजे ओळखीतल्या कुणाला गोळी लागली की आपल्याला लागण्याचा धोका वाढतो. आधी ओळखीतल्याला आणि मग आपल्याला गोळी लागण्यातलं सरासरी अंतर 125 दिवस निघालं.

हे अंतर फार मोलाचं आहे, कारण पुढचा वार रोखायला तेवढाच वेळ हाती असतो. त्याच शहरात साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी 2000 मध्ये सुरू केलेल्या उपक्रमानं वैर थांबवणारे कार्यकर्ते वस्त्यांमध्ये उतरवले. त्यांतले अनेक स्वतः एकेकाळी टोळीत होते. कुणाला गोळी लागल्याचं कळताच ते त्याच्या भावाकडे, मित्रांकडे पोचतात, कधी थेट रुग्णालयातही. रागानं थरथरणाऱ्या त्या पोराशेजारी ते बसून राहतात, अगदी रात्रभरसुद्धा.