सेलर मूनच्या ग्रहकन्या आणि पंचतत्त्वं

'सेलर मून' या जपानी अ‍ॅनिमेमध्ये, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिकेत, ग्रहांची नावं घेतलेल्या मुली शत्रूंशी लढतात. त्यांतली सेलर मर्क्युरी, म्हणजे बुधाची कन्या, शत्रूवर पाणी आणि धुकं सोडते. रोमन पुराणातला मर्क्युरी मात्र देवांचा निरोप्या. पाण्याशी त्याचा संबंध नाही. हे पाणी आलं चीनमधून. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वं प्राचीन चिनी विद्वानांनी नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पाच ग्रहांना जोडली. बुधाच्या वाट्याला पाणी आलं, मंगळाच्या अग्नी, गुरूच्या लाकूड. जपानी लोक आजही ग्रहांना याच तत्त्वांच्या नावांनी ओळखतात. नाओको ताकेउची यांची 'सेलर मून' ही मांगा, म्हणजे चित्रकथा, १९९१च्या अखेरीस सुरू झाली, मार्च १९९२मध्ये टीव्ही मालिका आली, आणि रोमन नावांच्या या मुलींना शक्ती मिळाल्या त्या बऱ्याचशा चिनी.

मला सगळ्यात आवडते ती सेलर ज्युपिटर, म्हणजे गुरूची कन्या. ती वीज पाडते, कारण रोमन ज्युपिटर विजेचा देव. तिचं आडनाव किनो, त्यातल्या 'कि'चा जपानीत अर्थ झाड. पुढे ती 'ओक इव्होल्यूशन' नावाचं अस्त्र वापरते, आणि ओक हा तर रोमनांनी ज्युपिटरला वाहिलेला वृक्ष! चिनी लाकूड आणि रोमन देव एकाच झाडापाशी भेटतात. सेलर मार्स, म्हणजे मंगळाची कन्या, जपानच्या शिंतो धर्माच्या देवस्थानात सेवा करणारी मिको आहे. ती मंतरलेल्या कागदाच्या पट्ट्या फेकते आणि 'रिन, प्यो, तो, शा...' असा नऊ अक्षरांचा मंत्र म्हणते. तो मंत्र चिनी ताओ परंपरेतला.

नायिकेचं, म्हणजे सेलर मूनचं, खरं नाव उसागी त्सुकिनो, म्हणजे चंद्रावरचा ससा. चंद्राला शशांक म्हणणाऱ्या आपल्याला हा ससा परका नाही. भुकेल्या अतिथीसाठी स्वतःचा देह देणाऱ्या सशाचं चित्र शक्राने, म्हणजे इंद्राने, चंद्रावर काढलं, ही जातककथा बौद्ध धर्माबरोबर पूर्वेकडे गेली आणि बाराव्या शतकातल्या 'कोन्जाकु मोनोगातारी' या जपानी कथासंग्रहात उतरली. चिनी लोकांना चंद्रावर औषध कुटणारा ससा दिसतो, जपानी लोकांना 'मोची' या तांदळाच्या पक्वान्नासाठी भात कुटणारा. उसागीच्या पूर्वजन्मातला प्रियकर एंडिमियन मात्र ग्रीक कथेतला.

जादूच्या शक्ती असलेल्या मुलींच्या अशा जपानी मालिकांना कुणी पाश्चात्त्यांची नक्कल म्हटलं की मला ते पटत नाही. उसनवारी तर पहिल्या दिवसापासून आहे. १९६६च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या 'साली द विच' या अशाच सुरुवातीच्या मालिकेला प्रेरणा मिळाली 'बिविच्ड' या अमेरिकन विनोदी मालिकेची. त्यातली चेटकीण गृहिणी होती. मित्सुतेरु योकोयामांनी तिच्या जागी जादूनगरीची छोटी राजकन्या आणली, आणि जादू शाळकरी मुलींच्या जगात शिरली. त्यानंतरची बरीच वर्षं या नायिका बहुधा एकट्याच असत. १९७५च्या 'गोरेंजर' या जपानी मालिकेपासून रंगीबेरंगी पोशाखांतल्या पाच जणांनी मिळून लढायची पद्धत टीव्हीवर रुळली होती, पण ती मुख्यतः मुलग्यांसाठी. ताकेउचींनी ती मुलींच्या कथेत आणली, युरोपीय नौदलातून जपानी शाळांत आलेला सेलर गणवेश नायिकांच्या अंगावर चढवला, आणि २००४पासून चालू असलेल्या 'प्रीक्युअर' मालिकांतल्या मुलीही मैत्रिणींच्या जोडीनेच लढतात.