सामूहिक ध्यान (बेळगाव सीमाभाग)

सामूहिक ध्यान : ठरल्या वेळी, एका जागी जमून अनेकांनी मुकाट्याने ध्यानाला बसायचे आणि त्या बैठकीत जे हाती लागेल ते प्रपंचात वापरून पाहायचे, अशी साधना. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत तिला पंथाप्रमाणे नावे आहेत. कुणी ‘नेमाला बसतो’ म्हणतात, कुणी ‘सामूहिक साधना’, तर कुणी नुसतेच ‘बैठक’.

यांतला ‘नेम’ हा शब्द इंचगिरी संप्रदायाचा, आणि या भागातल्या ध्यानाची ओळख करून घ्यायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते. निंबर्गी महाराजांचे शिष्य भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) हे उमदीचे देशपांडे. त्यांचा मठ इंचगिरीला. उमदी आज सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात आहे, इंचगिरी विजापूर जिल्ह्यात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेची रेघ दोहोंच्या मधून गेली, पण नेमकऱ्यांचे एकमेकांकडे जाणे-येणे तिने तोडले नाही. गुरूने दिलेले नाम ओठ न हलवता श्वासाबरोबर घ्यायचे, रोज ठरल्या वेळी आसनावर बसायचे, दासबोध वाचायचा, भजन करायचे, आणि हे सगळे घरदार, शेतीवाडी, नोकरी न सोडता, असा हा मार्ग आहे. भाऊसाहेबांचा भर तासन्‌तास बसण्यावर होता. मुंगी जशी न थांबता झाड चढते तसे, म्हणून याला पिपीलिका मार्ग म्हणतात. त्यांचेच शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) यांनी पुढे पक्ष्यासारख्या विचाराच्या झेपेवर भर दिला. तो विहंगम, म्हणजे पक्ष्याचा मार्ग.

भाऊसाहेबांचे दुसरे शिष्य गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) जमखंडीचे. अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारा हा माणूस अखेर विजापूर जिल्ह्यातल्या निंबाळला येऊन राहिला, आणि तिथल्या आश्रमात विद्वान व शेतकरी एकाच सतरंजीवर बसू लागले. बेळगावात हिंदवाडीतले गुरुदेव रानडे मंदिर त्याच परंपरेचे. संप्रदायाच्या ‘नित्यनेमावळी’त मराठी अभंगांच्या शेजारी कन्नड पदे आहेत. ज्या भागात दुकानाच्या पाटीवरून वाद पेटतो, तिथे एकाच बैठकीत दोन्ही भाषांतली भजने म्हटली जावीत आणि मग सगळ्यांनी मिळून गप्प बसावे, याचे मोल मोठे आहे. ‘ध्यान’ हा शब्द तर दोन्हीकडे सारखाच.

एकट्याने बसता येत असताना चारजणांत का बसायचे? घरी आसनावरून उठायला कारण लगेच सापडते : दूध उतू जाते, फोन वाजतो, पाय आखडतो. शेजारी कुणी निश्चल बसलेले असले की आपलीही दहा मिनिटे निघतात आणि त्या दहाची पुढे वीस होतात. ‘संयुत्त निकाय’ या पाली बौद्ध ग्रंथात शिष्य आनंद बुद्धांना म्हणतो, की कल्याणमित्रांची संगत म्हणजे निम्मे ब्रह्मचर्य, म्हणजे निम्मे साधनाजीवन. बुद्ध त्याला अडवतात : निम्मे नव्हे, सगळेच.

विपश्यना म्हणजे देहातल्या संवेदना तटस्थपणे पाहण्याची बौद्ध ध्यानपद्धती. तिच्या साधकांत हे वचन नेहमी कानावर येते. म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) १९६९ मध्ये भारतात आले. त्या वर्षी मुंबईत त्यांनी पहिले दहा दिवसांचे शिबिर घेतले, आणि पुढे इगतपुरीचे धम्मगिरी उभे राहिले. शिबिरात पहाटे चारला उठायचे, मौन पाळायचे आणि रोज तीनदा एकेक तास सगळ्यांनी एकत्र बसायचे. चौथ्या दिवसानंतर त्या तासात हात, पाय, डोळे शक्यतो हलवायचे नाहीत. याला अधिष्ठान म्हणतात. घरी परतलेल्या साधकाने सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे आणि आठवड्यातून एकदा इतरांबरोबर सामूहिक साधना करावी, असे सांगितले जाते. शेवटी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांच्या भल्याची कामना. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांना विहारातल्या वंदनेकडून या साधनेकडे येणे परके वाटत नाही.

अनगोळच्या हरिमंदिरातली कलावती आईंची उपासना, पंत महाराज बाळेकुंद्री (१८५५–१९०५) यांची पदे, खानापूर भागातल्या वारकऱ्यांचा सांजेचा हरिपाठ आणि ब्रह्माकुमारींची सकाळची मुरली (प्रवचनवाचन) यांनाही लोक साधनाच म्हणतात. पहिल्या तिन्हींत मौनापेक्षा नाम आणि गायन पुढे असते, पण एकत्र बसण्याची सवय तीच.

खरी परीक्षा बैठक सुटल्यावर. वडगाव-शहापूरकडच्या विणकराला मागाच्या खडखडाटात डोळे मिटता येत नाहीत. पण धागा तुटला, माग थांबवावा लागला, की तो सांधायच्या आधी एक श्वास पूर्ण बघता येतो. उसाचे बिल कारखान्याकडे अडकले आहे आणि दारात उधारीवाला उभा आहे, अशा वेळी चढणारा राग आधी देहात दिसतो : छाती गरम होते, जबडा आवळतो, श्वास आखूड होतो. बैठकीत दुखणारा गुडघा जसा न हलता पाहिला, तसेच हे पाहायचे. दोन-चार क्षण मिळतात. तेवढ्यात तोंडातला शब्द बदलतो. कचेरीत फक्त कन्नडमधला फॉर्म हाती आला आणि खिडकीपलीकडचा माणूस खेकसला, तर त्या क्षणांचा उपयोग फॉर्म शांतपणे समजून घ्यायलाही होतो आणि आपला हक्क न ओरडता, पण ठामपणे मागायलाही. ध्यान म्हणजे सोसत राहणे, असा अर्थ काढणारे चुकतात.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत सुरू केलेला तणावनिवारणाचा अभ्यासक्रमही आठ आठवडे गटानेच चालतो. भांडी घासणे, चालणे, जेवणे यांत अवधान कसे राखायचे, हा गृहपाठ तिथेही असतो. आपल्याकडच्या बायका बैठकीनंतर चहा घेताना ‘आज सासूबाईंना उलट बोलले नाही’ किंवा ‘बोलले, पण लगेच कळलं’ असे सांगतात, तेव्हा त्या तोच गृहपाठ तपासत असतात. या बोलण्याला कुणी साधना म्हणत नाही, पण मला ते बैठकीइतकेच महत्त्वाचे वाटते. दुसऱ्याचेही चुकते हे कळले, की स्वतःच्या चुकीला घाबरून साधना सोडणारे थांबतात.

ध्यानाने कर्ज फिटत नाही. सततची उदासी, झोप उडणे, आत्महत्येचे विचार यांवर ते उपचारही नाही. गंभीर मानसिक आजारात लांबचे मौनशिबिर त्रास वाढवू शकते, म्हणून विपश्यनेच्या अर्जात आधीच्या आजारांची चौकशी असते. अशा माणसाला बैठकीतल्या मंडळींनी आधी डॉक्टरकडे न्यावे. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. सोबतीला गेलेल्या सहसाधकाने बाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहणे, हेही एकत्र बसणेच.

गावातल्या बैठकीची वेळ ऋतू ठरवतो. खानापूर भागात भातलावणीच्या दिवसांत पहाटेची बैठक रात्री जेवणानंतर सरकते. चिकोडी-निपाणीकडे ऊसतोड सुरू झाली की बसणारे निम्म्यावर येतात. उरलेले दोघे-तिघे दिवा लावून ठरल्या वेळी बसतात, आणि गाळप संपून बाकीचे परततात तेव्हा त्यांच्या सतरंज्या जागच्या जागी असतात.