खड्डे खोदण्याआधी माळ बघा

मृगाची पहिली सर पडली की सोलापूर जिल्ह्यातल्या माळांवर खड्डे दिसायला लागतात. शाळा, बँका, ग्रामपंचायती, वाढदिवस असलेले पुढारी, सगळे रोपं घेऊन हजर. फोटो निघतात, रोपांना दोन-चार टँकर पाणी मिळतं आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवं रोप लावायची सोय झालेली असते. रोपं मेल्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. ती जगली असती तर माळाचं नुकसान जास्त झालं असतं. माळासाठी खरंच काही करायचं असेल तर गावाने रोपांऐवजी स्वतःचं एक निसर्ग केंद्र चालवावं, असं मला वाटतं.

सोलापूरला वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. उंचवट्याच्या माळावर मातीचा थर वीतभर, खाली मुरूम आणि त्याखाली काळा बसाल्ट. इतक्या पाण्यावर आणि इतक्या मातीत निसर्गाने जे पीक निवडलं ते गवत. पवना, शेडा, मारवेल ही आपली जुनी गवतं बहुवार्षिक आहेत. त्यांचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून मेंढीने वरचं पान खाल्लं तरी खालून नवं फुटतं. झाडाच्या रोपाचा शेंडा खाल्ला की मात्र त्याची वाढ खुंटते. उन्हाळ्यात गवताचा वरचा भाग वाळून जातो, पण मुळं जिवंत राहतात, माती धरून ठेवतात आणि हवेतून घेतलेला कार्बन जमिनीत साठवतात. मे महिन्यातला माळ बघून ‘पडीक’ असा शेरा मारणाऱ्याने जमिनीखालचं काही पाहिलेलंच नसतं.

या गवतांना भरपूर ऊन लागतं. वर ग्लिरिसिडिया किंवा सुबाभळीची सावली आली की ती हटतात. त्यांच्यासोबत उघड्यावर जगणारे जीवही हटतात. काळविटाचा बचाव म्हणजे लांबून दिसणं आणि सुसाट पळणं. माळटिटवी आणि धाविक यांची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची असतात. जवळ एखादं झाड उभं राहिलं की त्यावर कावळा बसतो आणि त्याला वरून सगळं दिसतं. माळावर झाड नसणं ही उणीव नाही, या प्राण्यांच्या दृष्टीने ती सोय आहे.

सोलापूरकरांना हे जवळच्याच नान्नज गावामुळे कळायला हवं होतं. १९७०च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून तिथल्या माळावर कुरणं राखली गेली आणि त्या गवताच्या आधाराने माळढोक हा पक्षी टिकला. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, पण कागदावर त्याचा पसारा ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावं, शेतं, रस्ते, बाजारपेठा, सगळंच आलं. जमिनीच्या प्रत्येक व्यवहारात अभयारण्य आडवं यायला लागल्यावर लोकांचा राग पक्ष्यावर निघणार हे सांगायला पक्षीतज्ज्ञ लागत नाही. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर मनं कडू झाली होती.

त्याच नान्नजची दुसरी ओळख द्राक्षांची. सोनाका हे वाण तिथल्याच बागेतलं. द्राक्षाच्या एकरातून जे मिळतं ते गवताच्या एकरातून कधीच मिळणार नाही, हे मान्य करूनच पुढचं बोलायला हवं. बागा आल्या, पंप आले, पंपांसाठी विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. जमिनीवरून चालताना आजूबाजूचं टिपायला ते उत्तम, पण उडताना अगदी समोरचं त्याला फार कमी दिसतं, आणि इतक्या वजनाच्या पक्ष्याला ऐनवेळी वळता येत नाही. मादी एका विणीला साधारण एकच अंडं घालते. तारेला धडकून मेलेल्या एका मादीची भरपाई व्हायला वर्षं लागतात. आज देशभरात मिळून दीडशेच्या आतच पक्षी उरले असावेत, आणि नान्नजला एखादा दिसला तर ती बातमी होते.

म्हणूनच मी गावपातळीवरचं निसर्ग केंद्र सुचवतो. अभयारण्याची रेषा वरून आखली जाते, केंद्र गावाच्या हातात राहू शकतं. कायद्याचा आधारही आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. ही नोंदवही एजन्सीकडून एकगठ्ठा भरून घेतली की शेजारशेजारच्या गावांत तीच झाडं, त्याच क्रमाने, त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसह सापडतात. केंद्राचं पहिलं काम ती वही खरी करणं. कुठल्या माळावर शेडा आहे आणि कुठे नुसती कुसळी उरली आहे, हे मेंढपाळाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. फुलोऱ्यानंतर कुसळीला जनावर तोंड लावत नाही, तिची टोकदार कुसळं लोकरीत आणि तोंडात रुततात. ती माळभर पसरली की चराई जास्त झाली असं समजावं. या कुसळाची शेपटी ओल लागली की पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते आणि तसं करत बी जमिनीत भोक पाडत शिरतं. ओल्या फडक्यावर ठेवून मुलांना दाखवा, दहा मिनिटांचा खेळ आहे.

आता मोजणीकडे येऊ. आपल्याकडे प्राणीगणना म्हटलं की बुद्ध पौर्णिमा आठवते. वैशाखातल्या चांदण्यात पाणवठ्याशेजारी मचाणावर रात्रभर बसायचं आणि पाणी प्यायला आलेले प्राणी लिहून काढायचे. अनुभव म्हणून ही रात्र अपूर्व असते आणि जंगलाची गोडी लागायला याहून चांगलं काही नाही. पण मोजणी म्हणून ती लंगडी आहे. एकच खोकड तीनदा आलं तर ते एक की तीन? आदल्या दिवशी वळीव झाला असेल तर जागोजागी डबकी साचतात आणि पाणवठा ओस पडतो. मग वर्तमानपत्रात ‘काळविटांची संख्या घटली’ असा मथळा येतो, खरं तर त्या वर्षी फक्त पाऊस लवकर आलेला असतो. शिवाय खाण्यातूनच ओलावा मिळवणारे प्राणी पाण्यावर क्वचितच येतात, त्यांची नोंद होणार कशी?

त्यापेक्षा माळावरच्या केंद्राला साजेशी मोजणी म्हणजे भोवत्यांची. हे शिकारी पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य आशिया आणि त्यापलीकडून येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. दिवसभर जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर तरंगत नाकतोडे, सरडे, चंडोल टिपतात. रात्री मात्र झाडावर बसत नाहीत. उंच गवतात जमिनीवरच, घोळक्याने मुक्काम करतात. संध्याकाळी ते एकेक करून मुक्कामाच्या जागी येतात, म्हणजे प्रत्येक पक्षी एकदाच मोजला जाण्याची शक्यता पुष्कळ. चार जणांनी चार दिशा वाटून घ्यायच्या, गवतापासून लांब बसायचं, सूर्यास्ताआधी तासभर ते अंधार पडेपर्यंत आत उतरणारे मोजायचे. महिन्यातून एकदा, त्याच जागेवरून, त्याच पद्धतीने. पाच वर्षांनी त्या आकड्यांना जी किंमत येईल ती एका रात्रीच्या गणनेला कधीच येणार नाही. यात थरार नाही, डास मात्र आहेत.

दिवसा, पक्षी शिकारीला गेल्यावर, त्याच जागेच्या कडेला त्यांनी ओकून टाकलेल्या गोळ्या सापडतात. न पचलेलं सगळं त्यात असतं: नाकतोड्यांचे पाय, भुंगेऱ्यांची कवचं, एखादं सरड्याचं हाड. पाण्यात भिजवून चिमट्याने सुटं करायचं आणि कागदावर मांडायचं. एवढं केलं की भोवत्या शेतकऱ्याच्या कोणत्या उपयोगाचा हे मुलं घरी जाऊन स्वतःच सांगतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्याची सुरुवात होते ती सोलापुरात जन्मलेले दिवंगत वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनाला. भोवत्या तेव्हा नुकतेच आलेले असतात, त्यामुळे मोजणी सुरू करायला हाच आठवडा धरावा.

टिटवीच्या घरट्यांबद्दल एवढंच: मुलांना शोधायला पाठवू नका. माणसांच्या येण्याजाण्याने पायवाट पडते आणि कुत्रं त्या वाटेने जातं. नांगरताना शेतकऱ्याला घरटं दिसलंच तर तेवढी हातभर जागा सोडायची, बास.

केंद्राच्या यादीत सहसा नसतं, पण माझ्या मते सगळ्यात वर असायला हवं असं एक काम म्हणजे विहिरी आणि शेततळी. कठडा नसलेल्या विहिरीत कोल्हा, खोकड, लांडगा, तरस पडतात. रात्री पाठलागात किंवा पाण्याच्या वासाने येतात आणि पाय घसरतो. शेततळं त्याहून फसवं. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात ती सर्रास दिसतात, आत प्लास्टिकचा गुळगुळीत कागद. काळवीट उतारावरून पाण्याशी जातं, खूर घसरतात आणि मग वर चढायला पकडच मिळत नाही. पोहून पोहून दमतं आणि बुडतं. मेलेलं जनावर पाण्यात कुजलं की ठिबकच्या पाण्याचाही प्रश्न येतो, म्हणून शेतकऱ्यालाही हे नकोच असतं. उपाय स्वस्त आहे: तळ्याच्या दोन-तीन बाजूंनी काठावर घट्ट बांधलेली जाड दोराची जाळी किंवा दोरात ओवलेले जुने टायर पाण्यात सोडायचे. विहिरीत तिरकी फळी किंवा आडवे बांबू बांधलेला दोर. कठडा बांधता आला तर उत्तमच. गावातली शेततळी किती, जाळी किती ठिकाणी आहे, असा फळा केंद्राच्या भिंतीवर असावा आणि दर महिन्याला पुसून नव्याने लिहावा. आणि जनावर विहिरीत अडकलंच तर गर्दी हटवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. उत्साही पोरं दोर घेऊन खाली उतरली की एकाऐवजी दोघांना बाहेर काढायची वेळ येते.

सिमेंटचे पाणवठे मात्र जपून बांधावेत. उन्हाळ्यात त्यांचा आधार होतो हे खरं, पण एकाच टाकीवर सगळे आले की रोगही तिथेच वाटले जातात. टँकर सुरू केला आणि ऐन एप्रिलात बंद पडला तर तिथे येण्याची सवय लागलेली जनावरं गावातल्या विहिरींकडे वळतात.

यापुढचा विषय कुणालाच आवडत नाही, तो म्हणजे कुत्री. गावाबाहेर टाकलेला कोंबड्यांचा कचरा आणि मेलेली जनावरं यांवर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्या अंडी आणि पाडसं खातात, रेबीज आणि डिस्टेंपरसारखे रोग पसरवतात. शिवाय लांडग्यांत मिसळतात. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. आपला भारतीय लांडगा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन शाखांपैकी एक आहे आणि देशात तो सुमारे ३,००० इतकाच असावा. कचरा पुरणं, कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही वन्यजीव संरक्षणाचीच कामं आहेत. त्यांच्या उद्घाटनाला फीत मात्र कुणी कापत नाही.

लांडग्याचा खरा शेजारी धनगर. वाघर म्हणजे जाळी लावून कोंडलेल्या खांडातूनही, म्हणजे मेंढ्यांच्या कळपातूनही, लांडगा कोकरू उचलतो. जुने मेंढपाळ ते त्याच्या वाट्याचं म्हणून सोडूनही देतात, पण दोन मेंढ्या गेल्या तर महिन्याची मिळकत गेली हेही खरंच. शासनाकडून नुकसानभरपाई मिळते, त्यासाठी मेलेलं जनावर जागेवर ठेवून पंचनामा व्हावा लागतो. फिरस्त्या माणसाची अडचण इथेच होते. खांड उद्या पुढच्या गावाला जाणार, कागदपत्रं गावाकडे, बँकेचं खातं तिसरीकडे. केंद्रातल्या एखाद्या शिकलेल्या पोराने फोटो काढून, अर्ज भरून वनरक्षकाला लगेच कळवलं तर ते दहा व्याख्यानांपेक्षा जास्त उपयोगाचं. ज्या मेंढपाळाचे पैसे वेळेवर मिळाले तो हिवाळ्यात पिल्लांच्या बिळात धूर करायला जात नाही. त्याच काळात कॅमेरेवाल्यांना बिळापासून लांब ठेवणं हेही केंद्राचंच काम, आणि ते मेंढपाळाला समजावण्याहून अवघड आहे.

पैसा कुठून आणायचा? इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला वनविभागाने माळरान सफारी सुरू केली आहे, तिथे वाटाडे स्थानिकच असतात. आपल्याकडेही ते जमण्यासारखं आहे, पण पर्यटक दर आठवड्याला येतीलच असं नाही. त्यामानाने गवत बेभरवशाचं नाही. गायरानाचे तुकडे पाडून पाळीपाळीने चराई ठेवायची, एक तुकडा राखायचा आणि त्याची कापणी बी गळून पडल्यावरच करायची. बी धरण्याआधी विळा लागला तर पुढच्या वर्षी शेडा कमी आणि कुसळी जास्त. कापतानाही सगळं सपाट करायचं नाही, भोवत्यांच्या मुक्कामाचा पट्टा मार्चअखेरपर्यंत उभा राहू द्यायचा. वाळलेल्या गवताच्या पेंढ्या दुष्काळी साली सोन्याच्या भावाने जातात, आणि लिलावाची रक्कम समितीच्या खात्यात आली की वणवा अडवणारी पुढची जाळरेषा काढायला मजुरी देता येते.