मायफळाची शाई आणि ग्वेर्चिनोची कच्ची रेखाटनं

बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ, शिवाय हिराकस म्हणजे लोहाचा क्षार, आणि बाभळीच्या जातीचा डिंक. सतराव्या शतकातल्या युरोपात लिहिण्याची नेहमीची शाई यातूनच बनायची. इटलीतल्या चेंतो गावच्या चित्रकार ग्वेर्चिनोने (१५९१–१६६६) धार्मिक चित्रांची शेकडो कच्ची रेखाटनं या शाईत केली. त्याचं खरं नाव जोव्हान्नी फ्रान्चेस्को बार्बिएरी. डोळ्यात तिरळेपणा होता म्हणून लोक 'ग्वेर्चिनो', म्हणजे चकणा, म्हणू लागले आणि इतिहासानेही तेच नाव ठेवलं.

चर्चमधलं चित्र हे तेव्हा जोखमीचं काम होतं. १५६३ साली ट्रेंटला भरलेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मपरिषदेने ठरवलं, की बिशपच्या मंजुरीशिवाय रुळलेल्या पद्धतीबाहेरचं चित्र चर्चमध्ये लागणार नाही. चेंतोजवळच्या बोलोन्या शहराचे कार्डिनल (पोपखालचे वरिष्ठ धर्मगुरू) पालेओत्ती यांनी तर १५८२ मध्ये या विषयावर ग्रंथच लिहिला. त्याच सुमारास त्याच शहरात काराच्ची घराण्याच्या चित्रशाळेत प्रत्यक्ष माणसं पाहून रेखाटण्यावर भर दिला जाऊ लागला. प्रसंग ठरलेला, पण तो डोळ्यांसमोर घडतोय असं वाटायला हवं. ग्वेर्चिनो या वातावरणात घडला.

एकच प्रसंग तो पुन्हा पुन्हा मांडून बघे. संत कधी डावीकडे, कधी उजवीकडे. हात वर की छातीशी. पिसाच्या लेखणीच्या भरभर रेघा, मग पाणी घातलेल्या शाईचा कुंचला सावल्यांवर. उजेडाला रंग नाहीच, तिथे कोरा कागद. बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या भव्य युरोपीय शैलीच्या, चित्रातला तो नाट्यमय छायाप्रकाश आधी इथे ठरत असे. अर्थात सगळेच असं करत नव्हते: त्याच काळातला प्रसिद्ध इटालियन चित्रकार काराव्हाज्जो याचं खात्रीने त्याचंच म्हणावं असं एकही रेखाटन आपल्याकडे नाही.

१६२१ मध्ये बोलोन्याचेच ग्रेगरी पंधरावे पोप झाले आणि ग्वेर्चिनोला रोमला बोलावणं आलं. तिथल्या सेंट पीटर्स चर्चसाठी त्याने संत पेत्रोनिल्लाच्या दफनाचं सात मीटरहून उंच चित्र १६२३ पर्यंत पूर्ण केलं. ते आता रोमच्याच कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे; चर्चमध्ये त्याची मोझाइकमधली (रंगीत तुकडे जडवून केलेली) प्रतिकृती दिसते.

रेखाटनं मात्र त्याने जवळच ठेवली. ती भाच्यांकडे, गेन्नारी घराण्यात गेली आणि अठराव्या शतकात त्यांतली शेकडो इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जच्या संग्रहात पोचली. आज ती विंडसरच्या राजवाड्यात आहेत. रसिक त्यांच्या ऊबदार तपकिरी रंगाचं कौतुक करतात. खरं तर ही शाई सुरुवातीच्या काळात काळी असे. तपकिरी झाली ती लोहामुळे, काळाच्या ओघात. जिथे थर जाड होता, तिथे तर शाईने कागदच खाल्ला आहे.