अक्षतंतू-मार्गदर्शन (मत्स्यभ्रूणातील)

भ्रूणात चेतापेशीतून फुटलेला अक्षतंतू नेमक्या लक्ष्यपेशीपर्यंत जाऊन पोहोचतो, त्या प्रक्रियेस ही संज्ञा आहे. तंतूच्या टोकाशी पंजासारखा पसरट वृद्धिशंकू असतो. स्पॅनिश चेताशास्त्रज्ञ सान्टियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये तो कोंबडीच्या भ्रूणात वर्णिला. शंकूच्या पृष्ठभागावरील ग्राही भोवतालची प्रथिने ओळखतात. ओढ असेल त्या बाजूस आतला ॲक्टिन या प्रथिनाचा सांगाडा वाढतो, विकर्षण असेल तिथे आखडतो. नेट्रिन, स्लिट, सेमाफोरिन व एफ्रिन ही अशा दिशादर्शक प्रथिनांची मुख्य कुले.

नेट्रिन हे नाव १९९४ मध्ये संस्कृत ‘नेतृ’, म्हणजे वाट दाखवणारा, यावरून पडले. मराठी वाचकाला आधी नेत्र आठवतो. ते अगदीच गैर नाही, कारण तोही शब्द ‘नी’ धातूपासूनच साधतात. हे प्रथिन दुरून खुणावते की स्पर्शाने, हा वाद मात्र मिटलेला नाही. मेरुरज्जूच्या तळाशी मध्यरेषेवर असलेल्या पेशींच्या पट्टीतून, म्हणजे तळपट्टीतून, ते पाझरते आणि त्याच्या चढत्या प्रमाणाच्या रोखाने तंतू मध्यरेषेकडे येतात, असे बराच काळ मानले गेले. २०१७ मध्ये उंदरांच्या तळपट्टीतून तेवढे नेट्रिन काढून टाकले, तरी बहुतेक तंतू मध्यरेषेपर्यंत पोहोचले. म्हणून मेरुरज्जूतील पूर्वजपेशींनी (ज्यांपासून चेतापेशी बनतात) वाटेत अंथरलेले नेट्रिनच महत्त्वाचे, असा पक्ष पुढे आला. त्यानंतरच्या प्रयोगांत तळपट्टीचाही वाटा दिसला. दोन्ही स्रोत मिळून काम करतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रयोग उंदरांवरचे आहेत, ते माशांना जसेच्या तसे लावू नयेत.

तंतू व लक्ष्य यांवर जुळणाऱ्या रासायनिक खुणा असतात, ही अमेरिकी चेताशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांची कल्पना साधारण १९४० च्या दशकातली. तिची सुस्पष्ट मांडणी १९६३ ची, आणि आधार गोल्डफिशच्या तुटून पुन्हा वाढलेल्या दृक्‌तंतूंचा.

आज अभ्यास होतो तो प्रामुख्याने झेब्रामाशावर. त्याचा भ्रूण पारदर्शक असल्याने तंतू वाढताना जिवंतपणी पाहता येतो. फलनानंतर सुमारे ३० ते ३२ तासांनी दृष्टिपटलातील तंतू डोळ्याबाहेर पडतात, सर्वच्या सर्व विरुद्ध बाजूस जातात आणि ४८ तासांच्या सुमारास मध्यमेंदूच्या टेक्टम या दृष्टीचे संदेश घेणाऱ्या भागात शिरतात. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील शोधमोहिमेत १९९६ मध्ये ज्यांचे तंतू वाट चुकतात असे अनेक उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) मासे नोंदले गेले. त्यांपैकी ‘अस्ट्रे’, म्हणजे भरकटलेला, याच्यात स्लिटचा ग्राही रोबो-२ बिघडलेला असल्याचे २००१ मध्ये कळले. निरोगी माशातही शंकू अधूनमधून चुकतो, पण मागे फिरतो. अस्ट्रेमध्ये चूक तशीच राहते.

पुण्यात पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (स्थापना २००६) शंकूच्या आतील फॉर्मिन-२ या प्रथिनावर काम झाले आहे. ते स्वतः दिशादर्शक नव्हे, शंकूतील ॲक्टिन घडवणाऱ्यांपैकी एक. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार ते नसलेली झेब्रामाशाची पिले अचानक आवाज झाल्यावर उशिरा दचकतात, कारण दचकणे घडवणाऱ्या चेतापेशींच्या मंडलातील काही तंतू नीट वाढत नाहीत.

वर दिलेले तास २८.५ अंश सेल्सिअस तापमानाचे आहेत. पाणी गार असेल तर वाढ मंदावते. डिसेंबरातल्या पुण्यात तापपेटीबाहेर राहिलेल्या बशीतील भ्रूणाला ते लागू पडणार नाहीत.